पत्रकांआधी पेज

महोदय,

म्हापशात धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हमखास विचारतात, "टीचर, आपला विश्वास दुसऱ्यांना सांगायचा कसा?" मी त्यांना बाणावलीत १६५१ साली जन्मलेल्या संत जोजे वाझ यांच्याविषयी सांगते. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली असताना हे पाद्री १६८७ मध्ये गरीब मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले. तिथल्या कँडी या राज्यात पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद झाली. पुढे १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली. घरचे लोक आजाऱ्यांना टाकून पळाले. वाझ मागे राहिले. त्यांनी रोग्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना भरवले, मेलेल्यांना पुरले. त्यातले बहुतेक बौद्ध होते. त्यांची सेवा पाहून राजाने त्यांना उपदेशाची मोकळीक दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संतपद दिले.

हा आपला गोंयकार! आणि आपण? अनोळखी माणसाच्या हाती पत्रक कोंबले की झाला प्रचार, असे मानणारे आमच्यात आहेत. मला ते मुळीच पटत नाही. शेजारच्या आजींचा मुलगा बोटीवर असतो. त्यांचे हाड मोडले तेव्हा वर्गातल्या दोन मुली रोज पेज आणि तोरांचे, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचे, लोणचे घेऊन जात, देवापुढे लावायला फुलेही काढून देत. येशूबद्दल आजींनीच विचारले, तेव्हाच मुली बोलल्या.

१६ जानेवारीला संत जोजे वाझ यांचे फेस्त, म्हणजे सण, आहे. त्याआधी प्रत्येक वाड्यावरच्या एकट्या वृद्धांची यादी चर्चने करावी, सर्व धर्मांच्या.

– एक धर्मशिक्षिका, म्हापसा