नदीकाठच्या अभयारण्यातील वृक्षतोडीबाबत वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या गावालगतच्या अभयारण्यात नदीकाठची अर्जुनाची सतरा जिवंत झाडे तोडली गेली. वादळात पडलेली आणि वाळलेली झाडे तेवढी उचलू, उभ्या झाडाला हात लावणार नाही, असा शब्द भर ग्रामसभेत देण्यात आला होता. तोडलेल्यांपैकी एक खोड अजून काठावर आडवे पडले आहे. त्याच्या ढोलीचे तोंड चिखलाने आणि विष्ठेने लिंपलेले असून चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवलेली आहे. धनेशाची मादी अंडी घालताना स्वतःला अशी कोंडून घेते, पंखांची पिसे आतच गाळते आणि कित्येक आठवडे नराने भरवलेल्या फळांवर जगते. करवत चालली तेव्हा तिला उडता येणे शक्यच नव्हते. ढोलीतून ती मी माझ्या हातांनी बाहेर काढली, महोदय, आणि त्यानंतर मला धड झोप लागलेली नाही.

हे जंगल एकदा तोडून झालेले आहे. इंग्रजांनी 1865 आणि 1878 च्या कायद्यांनी देशातील जंगले सरकारच्या ताब्यात घेतली आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड ओढले. स्वातंत्र्यानंतरही कूपांची, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या पट्ट्यांची, तोड चालूच राहिली. माझे वडील त्याच कूपांत रोजंदारीवर करवत ओढत. आजही आत गेल्यावर एकाच जुन्या खुंटावरून फुटलेले दोन-दोन, तीन-तीन साग दिसतात, ते त्या तोडीचेच वण आहेत. साग खुंटावरून पुन्हा फुटला, पण अर्जुन, जांभूळ आणि करंज यांनी मुळांनी धरून ठेवलेला काठ एकदा पाण्यात गेला की तो कुठून फुटणार? पहिल्या मोठ्या पुरात तो ढासळेल, आणि त्याच्यामागे आमची शेते आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने जंगलांच्या रक्षणासाठीच्या गोदावर्मन खटल्यात 14 फेब्रुवारी 2000 रोजी राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट व वाऱ्याने पडलेली झाडेसुद्धा हलवण्यास मनाई केली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 29 नुसार अभयारण्यातून काही काढायचे असेल, तर ते वन्यजीवांच्या भल्यासाठी आवश्यक आहे अशी राज्य शासनाची खात्री पटावी लागते, आणि काढलेला माल आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेसाठी देता येतो, व्यापारासाठी नाही. मग ते ट्रक कुठे गेले? ग्रामसभेत आम्ही ज्याला मान डोलावली, तेच मुळात करता येत होते का, हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. ती मान मीही डोलावली होती, याची मला शरम वाटते.

तक्रार घेऊन मी चार वेळा तालुक्याला गेलो. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला दोन-दोन तास व्हरांड्यात उभे ठेवले, अर्जाची पोच दिली नाही, आणि चौथ्या खेपेला "तुमचे वैयक्तिक काय नुकसान झाले?" असे विचारले. या प्रश्नाने मला जेवढे दुखावले तेवढे त्या उभे राहण्याने नाही. वडिलांच्या हातांनी पडलेले जंगल पुन्हा वाढताना मी साठ वर्षे पाहिले आहे.

सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईची कुऱ्हाड जप्त होते आणि ट्रक मात्र नाका ओलांडून जातो, ही व्यवस्था गरिबाला चोर ठरवूनच उभी राहिली आहे. तिचा हिशेबही तसाच आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के झाडोरा दिसला की ते वनाच्छादन. झाड कोणत्या जातीचे, याची विचारणा नाही. उद्या या काठावर निलगिरी लावली, तरी अहवालात जंगल तेवढेच राहील. त्या निलगिरीत धनेशासाठी ढोली नसेल.

तोडीचा परवाना कोणी, कोणत्या तारखेला दिला, ते जाहीर करावे. उरलेल्या झाडांवर तोडीसाठी मारलेले शिक्के रद्द करावेत. पडलेली खोडे आहेत तिथेच राहू द्यावीत. आणखी तेवीस झाडांवर शिक्के आहेत; ती मी काल संध्याकाळी मोजली.

आपला,
नदीकाठच्या गावातील एक निवृत्त शिक्षक