रब्बी नसलेले देऊळ

अलिबाग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. आमच्या इस्राएल आळीतल्या देवळाचा रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, कोण, असे तू विचारलेस. त्या देवळाला, म्हणजे 1848 साली उभ्या राहिलेल्या आणि 1910 मध्ये नव्याने बांधलेल्या मागेन अबोथ या यहुदी प्रार्थनास्थळाला, स्वतःचा रब्बी नाही. तिथे हझान प्रार्थना चालवतो. पण एवढ्यावर उत्तर संपवणे त्या समाजावर अन्याय होईल.

बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या या यहुदी समाजाची, परंपरा सांगते, की जवळच नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात जोडपी वाचली आणि ग्रंथ समुद्राने नेले. पुढे गावोगावी तेलाचे घाणे चालवताना ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. हिब्रू विसरली, तरी 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना, सुंता आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, त्यांनी सोडले नाहीत. दाविद रहाबी हा गुरू आला तेव्हा त्याने बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली, असे सांगतात. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी निवडली आणि बाकीची बाजूला सारली, यहुदी धर्मात तेवढीच मासळी चालते, तेव्हा हे यहुदीच अशी त्याची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले तिघे शिकवून तयार केले. तेच काझी झाले, आणि लग्न लावणे, तंटे मिटवणे ही कामे त्यांच्या घराण्यांत वंशपरंपरेने चालली. मला या काझींविषयी अपार आदर वाटतो, कारण हाती पोथी नसताना त्यांनी धर्म सांभाळला.

म्हणूनच 1960 नंतरची हकीकत वाचून जीव कळवळतो. ही माणसे इस्राएलला गेली, तर तिथल्या मुख्य रब्बींनी त्यांची लग्ने लावण्याआधी आई-आजीच्या वंशाची चौकशी मागितली. जेरुसलेमला निदर्शने करावी लागली, आणि 1964 साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले.

आता आळीत मोजकीच घरे उरली आहेत, पण नवस फेडायला माणसे अजून येतात. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे घालून मलिद्याचे ताट भरतात आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव घेतात. त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा म्हणून दाखवतात तो खडक आमच्या अलिबागजवळच्या खंडाळ्यापाशी (लोणावळ्याजवळचे नव्हे) आहे. तू आलास, की आधी देवळात जाऊ आणि मग तिकडे.

तुझा मित्र