बाळाच्या तपासण्या झाल्या, आईच्या बीपीचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उशिरा येणाऱ्या मातृत्वाविषयी हल्ली बरेच छापून येते, पण त्यातले बहुतेक लिखाण बाळात काही व्यंग तर नसेल ना, या एकाच प्रश्नाभोवती फिरते. ती भीती खोटी नाही. स्त्रीबीजे मुलीच्या जन्माआधीच तयार झालेली असतात आणि वय वाढेल तशा त्यांच्यातील गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढत जातात. डाउन सिंड्रोमची शक्यता आई पंचविशीत असेल तर साधारण १२५० बाळांमागे एक, तर चाळिशीत १०० बाळांमागे एक. गर्भपातांचे प्रमाणही बरेचसे याच कारणाने वाढते. मात्र मी अनेक वर्षे प्रसूती कक्षात परिचारिका होते आणि चाळिशीची बाई दाखल झाली की माझा हात आधी बीपीच्या यंत्राकडे जाई.

एक बाळंतीण अजून डोळ्यांसमोर आहे. वय एकेचाळीस, पहिलेच बाळंतपण. बाळाच्या साऱ्या तपासण्या वेळेवर केलेल्या आणि सगळ्या चांगल्या. गरोदरपणात बीपी कधी वाढले नाही, प्रसूतीही सुखरूप झाली. घरी गेल्यावर तिचे डोके दुखू लागले. बाळ रात्री झोपू देत नाही, त्यामुळे दुखत असेल, असे घरच्यांना वाटले, तिलाही तसेच वाटले. पुढे डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले तेव्हा आणली. बीपी १७०/११० होते, आणि आम्ही सलाइन लावेपर्यंत तिला आकडीचा झटका आला. मॅग्नेशियम सल्फेट देऊन झटके आवरले. ती वाचली, पण त्या घरात बाळंतपणानंतरही बीपी वाढू शकते हे कुणी सांगितलेलेच नव्हते.

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब सर्वांत वर जातो. नेमकी तेव्हा बाई घरी असते आणि सगळ्यांचे लक्ष बाळाकडे. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणाशी जोडलेला, बीपी धोकादायक वाढवणारा आजार, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत कधीही उद्भवू शकतो, आधी बीपी अगदी नॉर्मल असले तरी. न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, दम लागणे, यांतले काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १६०/११० ही तर तातडीची वेळ.

आणखी एक गोष्ट जोडप्यांना आधीच समजायला हवी. दात्याचे स्त्रीबीज घेतले की गुणसूत्रांचा धोका दात्याच्या वयाप्रमाणे कमी होतो, हे खरे. पण म्हणून गर्भारपण निर्धोक होत नाही. अशा गर्भारपणात प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण उलट जास्त आढळते. ‘बीज तरुण आहे, आता काळजी नाही’ हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकले आहे आणि दर वेळी मला त्या बाईची काळजी वाटली आहे.

मी कुणाला उशिरा मूल होऊ देऊ नका म्हणत नाही. चाळिशीत दिवस राहिलेल्या बहुतेक बायका सुखरूप बाळंत होतात. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, प्रीएक्लॅम्प्सिया टाळायला मला कमी मात्रेची ॲस्पिरिन लागेल का? ती साधारणपणे बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात. उशीर झाला की तिचा तितका उपयोग होत नाही. स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नये. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यातली साखरेची तपासणीही चुकवू नका.

रुग्णालयांना माझी विनंती आहे. डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या लसीची तारीख ठळक लिहिलेली असते. तिच्याच शेजारी आईचे बीपी पुन्हा कधी तपासायचे ती तारीखही लिहा, आणि ती पहिल्या आठवड्यातली असू द्या. कार्ड हातात देताना धोक्याची लक्षणे बाळंतिणीला सांगा, आणि तिच्याबरोबर घरी जाणाऱ्या माणसालाही सांगा. रात्री डोके दुखते म्हणून ती कण्हत असेल, तेव्हा निर्णय त्यालाच घ्यायचा असतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका