ट्रस्टींचा रकाना कोरा ठेवू नका : ऑन्टॅरिओच्या शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

नोव्हेंबर 2025

माननीय शिक्षणमंत्री,
ऑन्टॅरिओ सरकार, टोरोंटो

सादर नमस्कार.

स्कूल बोर्डाच्या, म्हणजे एखाद्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, निवडून आलेल्या सदस्याला इथे ट्रस्टी म्हणतात. हे पद ठेवायचं की नाही याचा विचार आपण करत आहात, म्हणून हे पत्र. ते मराठीत लिहिते आहे, कारण ते आपल्याइतकंच माझ्या माणसांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे.

24 ऑक्टोबर 2022 ला मी कॅनडात पहिल्यांदा मत दिलं. नागरिकत्वाची शपथ घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. मतपत्रिकेवर महापौराच्या उमेदवारांतली दोन-तीन नावं मला ठाऊक होती, कौन्सिलरपदाचा एक उमेदवार दारावर येऊन पत्रक देऊन गेला होता. त्याखाली स्कूल बोर्डाच्या ट्रस्टीचा रकाना होता. पाच नावं, एकही ओळखीचं नाही. पक्ष नाही, चिन्ह नाही. चिन्ह बघून शिक्का मारत मोठी झालेली मी, तिथे अडले. चुकीच्या माणसाला मत देण्यापेक्षा न दिलेलं बरं, असं मनाशी म्हणून तो रकाना कोरा सोडला आणि कागद मशीनमध्ये सरकवला. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिच्या शाळेची हद्द, तिची बस, तिच्या शाळेचं बजेट ज्या टेबलाभोवती ठरणार होतं, तिथे कोण बसणार हे त्या एका रकान्यात होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

दीड वर्षाने तो लागला. आमच्या भागात घरं भराभर उभी राहिली, शाळेच्या मैदानावर पोर्टेबल वर्गांची रांग लागली आणि बोर्डाने हद्दी नव्याने आखायला घेतल्या. प्रस्तावाप्रमाणे आमच्या गल्लीतली मुलं, जी सात मिनिटांत चालत शाळेत पोहोचत होती, ती सहा पदरी रस्त्यापलीकडच्या शाळेत जाणार होती. ज्या घरात दोन मुलं, तिथे थोरलं जुन्या शाळेत आणि धाकटं नव्या. प्रिन्सिपलकडे गेलो, तर त्यांनी खरं तेच सांगितलं, की हद्दी त्यांच्या हातात नाहीत. बोर्डाच्या ऑफिसातून छापील मजकुराची ईमेल आली. शेवटी शेजारच्या पंजाबी आजींनी विचारलं, "तुमच्या ट्रस्टीला फोन केलात का?"

फेब्रुवारीतली रात्र होती, बाहेर उणे चौदा. आमच्या ट्रस्टीबाई एका पालकाच्या बेसमेंटमध्ये आल्या. दिवसा त्या दुसरी नोकरी करतात, कारण या कामाचं मानधन वर्षाला काही हजार डॉलर. हातात बोर्डाच्या अधिकाऱ्यांचा अहवाल होता, समासात पेन्सिलीने खुणा केलेल्या. आम्ही अठरा पालक, चहा आणि चिवडा. दोन तास त्यांनी तो अहवाल आमच्याबरोबर पानापानाने वाचला. पटसंख्येचा अंदाज कसा बांधतात, कुठे प्रश्न विचारायला जागा आहे, हे दाखवलं. एक गोष्ट त्यांनी आधीच स्पष्ट केली : "मी एकटी काहीही ठरवू शकत नाही. माझं एक मत. पण तुम्ही बोर्डासमोर येऊन बोलू शकता, तो तुमचा हक्क आहे."

आम्ही गेलो. मला पाच मिनिटं मिळाली. माझं इंग्रजी त्या दिवशी दोनदा अडखळलं, तरी समोरचे सगळे थांबून ऐकत होते. हद्द बदललीच, ती टळणार नव्हती. पण धाकट्या भावंडांना थोरल्याच्या शाळेत राहता येईल आणि रस्त्यापलीकडे जाणाऱ्या लहान मुलांना बस मिळेल, अशी दुरुस्ती आमच्या ट्रस्टीबाईंनी मांडली आणि ती उघड्या सभेत, नावानिशी मतं नोंदवून मंजूर झाली. कोणी बाजूने हात वर केला, कोणी विरोधात, हे मला आजही सांगता येईल.

मंत्रिमहोदय, हे पद ठेवायचं की नाही याचा विचार आपण करत आहात, असं आपण जाहीरपणे म्हटलं आहे. एप्रिलमध्ये ऑन्टॅरिओतल्याच लंडन शहरातल्या थेम्स व्हॅली बोर्डावर आणि जूनमध्ये टोरोंटो, टोरोंटो कॅथलिक, ऑटवा-कार्लटन आणि डफरिन-पील कॅथलिक अशा आणखी चार बोर्डांवर सरकारने पर्यवेक्षक बसवले. तिथल्या निवडून आलेल्या ट्रस्टींच्या हातात आता निर्णय उरलेला नाही. या महिन्यात मंजूर झालेल्या बिल 33 ने असा पर्यवेक्षक नेमणं आपल्यासाठी आणखी सोपं केलं आहे.

ट्रस्टींच्या चुका मी झाकणार नाही. ब्रँट हॅल्डिमंड नॉरफोक कॅथलिक बोर्डाचे चार ट्रस्टी 2024 मध्ये शाळांसाठी कलाकृती घ्यायला इटलीला गेले, नुसत्या प्रवासावर 45,000 डॉलरच्या घरात खर्च केला. मुलांच्या पैशांची ती उधळपट्टी होती आणि ती वाचून मलाही संताप आला. पण थेम्स व्हॅलीत ज्या हॉटेलमधल्या शिबिरावर जवळपास 40,000 डॉलर गेले, ते शिबिर पगारी वरिष्ठ अधिकाऱ्यांचं होतं. म्हणजे नेमलेली माणसंही चुकतात. फरक इतकाच, की निवडलेल्या माणसाला आम्ही चार वर्षांनी घरी पाठवू शकतो. पर्यवेक्षकाला आम्ही कसं पाठवायचं?

तूट आली म्हणून बोर्डांना दोष दिला जातो, तेव्हा मला 1997-98 ची आठवण करून द्यावीशी वाटते. मी तेव्हा इथे नव्हते, पण बेसमेंटमधल्या त्या रात्रीनंतर मी हे सगळं शोधून वाचलं आहे. त्या काळात 129 बोर्डांची 72 झाली, ट्रस्टींचं मानधन 5,000 डॉलरवर आणलं गेलं आणि शाळांसाठी कर ठरवण्याचा त्यांचा अधिकार काढून घेतला गेला. तेव्हापासून पैसा प्रांत देतो. शिक्षकांच्या पगाराच्या मुख्य वाटाघाटी आज प्रांताच्या पातळीवर होतात, अभ्यासक्रम आपलं मंत्रालय ठरवतं. ट्रस्टींकडे जे राहिलं ते मोठं नाही, पण आईबापांच्या अगदी जवळचं आहे. बोर्डाचा डायरेक्टर निवडणं आणि त्याच्या कामावर लक्ष ठेवणं, मिळालेल्या पैशांत बजेट जुळवणं, हद्दी, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या सल्लागार समितीत बसणं. एखाद्या मुलाला शाळेतून कायमचं काढायचं असेल, तर किमान तीन ट्रस्टींची समिती त्या मुलाचं आणि त्याच्या आईवडिलांचं म्हणणं ऐकून निर्णय घेते. अशा वेळी त्या टेबलापलीकडे आपल्याच वस्तीतून निवडून आलेलं कोणी असावं, असं कोणत्या आईला वाटणार नाही?

आता थोडं माझ्या गावाकडचं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे महापालिकांच्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. निवडणूक लांबली, म्हणून प्रशासक आले. तात्पुरते, असंच सगळ्यांनी धरलं होतं. साडेतीन वर्षं उलटून गेली, तरी नोव्हेंबर 2025 मध्येही तिथे प्रशासकच होते. माझे आईवडील राहतात त्या शहरातही हीच स्थिती होती. गेल्या पावसाळ्यात गल्लीत गटाराचं पाणी शिरलं, तेव्हा बाबांनी सवयीने जुन्या नगरसेवकाला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मी आता कोणी नाही." बाबांनी ऑफिसात चार चकरा मारल्या. कर्मचारी उर्मट नव्हते, पण बाबांना उत्तर देण्याचं बंधन त्यांच्यातल्या कोणावरच नव्हतं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला आपल्या शहरात कोणाचं दार वाजवायचं तेच कळेनासं झालं. फोनवर त्यांचा आवाज ऐकताना मला आमच्या ट्रस्टीबाईंच्या पेन्सिलीच्या खुणा आठवत होत्या.

म्हणून आपल्या पर्यवेक्षकांची मुदत मला घाबरवते. ती कधी संपणार याची तारीख त्या पाच बोर्डांच्या पालकांना हवी आहे. एकट्या टोरोंटो बोर्डात 22 ट्रस्टी होते आणि एका ट्रस्टीमागे दहा हजारांहून जास्त मुलं. त्या घरांनी आता कोणाला फोन करायचा?

या देशात हे आधी करून पाहिलेलं आहे. न्यू ब्रन्सविकने 1996 मध्ये बोर्डं बरखास्त केली आणि 2001 मध्ये निवडून येणाऱ्या परिषदा परत आणल्या. प्रिन्स एडवर्ड आयलंडनेही ट्रस्टी काढले होते, 2022 मध्ये तिथे पुन्हा ट्रस्टींसाठी मतदान झालं. ऑन्टॅरिओत तर 1816 च्या कायद्यापासून गावकरी एकत्र जमून आपल्या शाळेचे तीन ट्रस्टी निवडत आले आहेत. 1850 मध्ये मालमत्ता असलेल्या बायकांना इथे ट्रस्टी निवडण्याचं मत मिळालं. आमदार निवडण्याचं मत मिळायला आणखी साठहून जास्त वर्षं जावी लागली. पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. या दोन तारखा शेजारी ठेवून मी किती वेळ बसले होते, ते सांगता येणार नाही.

लोक मतच देत नाहीत, हा आपला मुद्दा असेल तर तो खरा आहे. 2022 ला टोरोंटोत जेमतेम तीस टक्के मतदान झालं, आणि ट्रस्टीच्या रकान्यापर्यंत पोहोचेपर्यंत माझ्यासारखे किती गळतात कोण जाणे. पण त्यावर उपाय रकाना पुसणं नाही. मतदाराला शहराकडून कार्ड येतं, त्याच पाकिटात एक पान घालायला लावा : ट्रस्टी काय करतो, काय करू शकत नाही, इंग्रजी किंवा फ्रेंच, सार्वजनिक किंवा कॅथलिक अशा चार प्रकारच्या बोर्डांपैकी आपलं मत कोणत्या बोर्डासाठी नोंदलं आहे आणि ते कसं तपासायचं. पंजाबी, उर्दू, तमिळ, मँडरिन, आणि जमलं तर मराठीतही. दुसरं, पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, असलेल्या पण अजून नागरिक नसलेल्या आईबापांना या एका रकान्यापुरतं तरी मत द्या. नागरिकत्वाचा अर्ज करायलाच इथे 1,095 दिवस काढावे लागतात. ज्युनिअर किंडरगार्टनला आणलेलं मूल तोवर दुसरीत पोहोचतं. आईबाप भाड्यातून, घरपट्टीतून शाळेसाठी पैसे भरतच असतात.

आणि माझ्या मराठी मित्रमैत्रिणींनो, गणपतीच्या आरतीला जमतो तेव्हा आपण शाळांबद्दल तासन् तास बोलतो. कोणती शाळा कितव्या नंबरावर, घर कुठे घ्यावं. त्यातला एक तास यंदा आपल्या ट्रस्टीचं नाव शोधण्यात घालवू या. त्यांना फोन करा. उभं राहायची कोणाची इच्छा असेल तर उमेदवारी अर्ज ऑगस्टपर्यंत भरता येतात. कितीतरी ठिकाणी ही जागा बिनविरोध जाते.

मंत्रिमहोदय, पुढचं मतदान 26 ऑक्टोबर 2026 ला, सोमवारी आहे. मुलगी तेव्हा सहावीत असेल, तिला बरोबर घेऊन जाणार आहे. या वेळी मी सगळ्यात आधी तो शेवटचा रकाना भरणार आहे. तो मतपत्रिकेवर राहील, आणि त्यात निवडून आलेल्या माणसाला काम करू दिलं जाईल, एवढं आपल्याकडून लेखी हवं आहे. उत्तराची वाट पाहते.

आपली,
टोरोंटोच्या पश्चिमेकडच्या उपनगरातली एक आई आणि मतदार