मोदकात गहू कुठून आला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या अकरा वर्षांच्या नातीला चार वर्षांपूर्वी सीलिअॅक आजाराचे निदान झाले. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की अशा रुग्णाची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, आणि ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे हाच त्यावरचा उपचार आहे. बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे), जिलेबी आणि पुरणपोळीवर वाढलेल्या आम्हा इंदूरकरांच्या घरात हे पथ्य सांभाळणे सोपे नाही.

गेल्या गणेशोत्सवात एका परिचित कुटुंबाने तिच्यासाठी मुद्दाम, मोठ्या मायेने उकडीचे मोदक केले. तांदूळ, नारळ, गूळ आणि तूप यांत गहू कुठेच नव्हता. तरीही त्या रात्री मुलीचे पोट बिघडले आणि दोन दिवस ती अंथरुणावर होती. चौकशी केली तेव्हा कळले, की तांदूळ कोपऱ्यावरच्या चक्कीत गव्हाच्या दळणापाठोपाठ दळून आणले होते. आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या 'ज्वारीवर ज्वारी दळा' असे बजावत आल्या ते चवीसाठी. येथे मात्र प्रश्न प्रकृतीचा आहे. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, आणि चक्कीच्या पाळूत राहिलेले मूठभर गव्हाचे पीठ ही मर्यादा सहज ओलांडते.

तेव्हापासून मी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरच्याच मिक्सरमध्ये दळते आणि वेगळ्या चाळणीने चाळते. चाळणीचे विशेष सांगावेसे वाटते, कारण तिच्या जाळीत अडकलेला रवा कितीही धुतले तरी निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणेही नातीचे निराळे आहे.

केकचे तंत्र मात्र मला बरेच प्रयोग फसल्यावर उमगले. मैद्यातील ग्लुटेन पिठाला बांधून धरते. ते नसले की केक फुगतो आणि सुरी लावताच भुगा होतो. नीमच-मंदसौरकडे पिकणारा इसबगोल येथे उपयोगी पडला. एक वाटी ज्वारीचे आणि अर्धी वाटी तांदळाचे पीठ घेऊन त्यात दह्यात भिजवलेला चमचाभर इसबगोलाचा भुसा घालते, मिश्रण अर्धा तास मुरू देते आणि मगच त्यात बेकिंग पावडर मिसळून ओव्हनमध्ये ठेवते. केक पूर्ण निवेपर्यंत कापत नाही. गरम असताना तो आतून चिकटच राहतो.

शहरातील अनेक भगिनी आता घरून ग्लुटेनमुक्त केक आणि बिस्किटे विकतात, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांना कळकळीची विनंती एवढीच, की त्याच ओट्यावर, त्याच बीटरने मैद्याचे केकही होत असतील, तर मागणी घेतानाच तसे स्पष्ट सांगावे. वजन कमी करण्यासाठी गहू सोडलेल्या ग्राहकाला त्याने फरक पडणार नाही, पण माझ्या नातीला पडतो.

येथील मराठी मंडळांनीही येत्या उत्सवात प्रसादासाठी राजगिऱ्याच्या लाडवांचा एक बंद डबा रव्याच्या लाडवांपासून दूर ठेवावा आणि तो वाटणाऱ्याने दुसऱ्या प्रसादाला हात लावू नये. लाडू आणून देण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपली,
एक आजी, इंदूर