सहलीत ग्रंथालय पाहताना

संपादक महोदय,

सुट्टीच्या प्रवासात परक्या शहरातलं सार्वजनिक ग्रंथालय मुलांना दाखवावं, हा सल्ला अगदी योग्य आहे. पण इमारत पाहून, फोटो काढून बाहेर पडलं तर मुलांच्या हाती काही लागत नाही. त्यांना पुस्तकापर्यंत पोहोचता आलं पाहिजे.

त्यासाठी निघण्यापूर्वीच त्यांना आवडत्या विषयाचा वर्गांक, म्हणजे त्या विषयाच्या पुस्तकांना ग्रंथालय देतं तो आकडा, लिहून द्यावा. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांची १८७६ सालची दशांश वर्गीकरण पद्धत आजही असंख्य देशांत चालते. डायनासोर ५६७.९, लोककथा ३९८.२, फुटबॉल ७९६.३३४. पुस्तकाच्या कण्यावर, खालच्या बाजूला हा आकडा चिकटवलेला असतो. तिथली भाषा येत नसली तरी मूल आकड्यांचा माग काढत नेमक्या फळीपाशी जातं आणि चित्रांत रमतं. एक गोष्ट मात्र आधी समजावून सांगावी. दशांश चिन्हापुढचे अंक एकेक करून वाचायचे असतात, म्हणून विमानांचा ६२९.१३ हा अंतराळयानांच्या ६२९.४ च्या आधी येतो. चारापेक्षा तेरा मोठे म्हणून मुलं पुढेच शोधत राहतात आणि कंटाळतात. जपानमध्ये स्वतंत्र दशांश पद्धत आहे, तिथे हे आकडे जुळणार नाहीत.

खरी फसगत होते ती ग्रंथालयाचा प्रकार न पाहिल्याने. राष्ट्रीय किंवा संशोधन ग्रंथालयात वाचनकक्षासाठी बहुधा वाचकपत्र लागतं, वयाची अट असते आणि पुस्तकं मागणीपत्र भरून भांडारातून मागवावी लागतात. मुलांना घेऊन जायचं तर मुक्तद्वार पद्धतीचं, म्हणजे वाचकाला स्वतः फळीवरून पुस्तक काढू देणारं नगर ग्रंथालय, त्यातही एखादी लहान शाखा निवडावी. बसून वाचायला तिथे सहसा सदस्यत्व लागत नाही. पुस्तक बाहेर न्यायचं असेल तरच लागतं. साप्ताहिक सुट्टी आणि बालविभागाची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण ती मुख्य विभागापेक्षा अनेकदा वेगळी असते. हॉटेलची खोली सोडल्यावर गाडीची वेळ होईपर्यंत जायचा बेत असेल तर सामान आधी दुसरीकडे ठेवावं. मोठ्या बॅगा बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत.

आणि पाहून झालेलं पुस्तक फळीवर परत खोचू नये, टेबलावर किंवा ढकलगाडीवर ठेवावं. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक नोंदीत ‘उपलब्ध’ दिसतं, पण फळीवरची पुस्तकं क्रमाने आहेत का याची पुढची तपासणी होईपर्यंत कुणालाच सापडत नाही. शिवाय टेबलावर राहिलेल्या पुस्तकांवरूनच अनेक ग्रंथालयं जागेवर झालेल्या वाचनाची नोंद ठेवतात.

– एक ग्रंथपाल