रिपोर्ट दिलास का?

देवगड

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहितो. उतरताना विमान स्थिर नव्हतं, तू 'गो अराउंड' म्हणालीस, न उतरता पुन्हा वर घ्या म्हणून, कॅप्टननी तरी उतरवलं आणि आपटलं. आता ते म्हणतात, लिहून द्यायची गरज नाही. पुढचं तू बोललीच नाहीस. रिपोर्ट दिलास का?

नियमाने द्यावाच लागतो, हे तुला मी काय सांगणार! पण नुसत्या सक्तीने भागत नाही गो. विमान किती जोरात टेकलं ते विमानातला रेकॉर्डर सांगेल. तुझं बोलणं त्यांनी का मानलं नाही, झोप अपुरी होती का, हे माणसानेच सांगायला हवं. आणि शिक्षेची भीती असली की माणूस पकडलं जाईल तेवढंच लिहितो.

1 डिसेंबर 1974 ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ विमान डोंगरावर आदळून 92 माणसं गेली. सहाच आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे वैमानिक तिथेच तसेच फसता फसता वाचले होते. त्यांनी सांगितलंही, पण ते त्यांच्याच कंपनीत राहिलं. म्हणून 1976 पासून तिकडे असे रिपोर्ट नासाकडे जातात. नासा शिक्षा करत नाही, लिहिणाऱ्याचं नाव काढून टाकते. माणसं लिहितात ती त्यामुळे.

मंगळूरलाही 2010 साली को-पायलटने तीनदा 'गो अराउंड' सांगितलं होतं. 158 माणसं गेली. नको, हे लिहायचं नव्हतं. पुन्हा मास्तरकी सुरू झाली, राग मानू नको.

फयान वादळाच्या वेळी तू तिसरीत होतीस. दादा समुद्रात, नाना बंदरावरून हलेनात, तूही त्यांचं बोट सोडीनास. जी होडी परत येई तिचा तांडेल आधी वायरलेसवर मागच्यांना सांगे, वारा कुठे फिरलाय, लाट कुठे फुटतेय. स्वतः कुठे चुकला तेही सांगे. दादा त्यामुळेच आला, असं नाना शेवटपर्यंत म्हणायचे.

कॅप्टन तुझं नाव खराब करतील का, हेच डोक्यात फिरतं. कर्जाचं मनात आणू नकोस, कातळावरची कलमं अजून आपलीच आहेत. वरून विमान गेलं की आई अजून खळ्यात धावते, शेजारणीला सांगते, आमचं चेडू असंच चालवतं.

त्यांच्याबद्दल रागाने लिहू नकोस, घडलं तसं लिही. तुझं काय राहिलं असेल तर तेही लिही.

दादाचं प्लास्टर सोमवारी निघेल. रिपोर्ट दिलास की आईच्या फोनवर मेसेज टाक, माझा बिघडलाय.

तुझे,
बाबा